काळे ऑइल, घट्ट ऑइल आणि जळके ऑइल

मोटारसायकलच्या इंजिन ऑइलविषयीचे बहुतेक गैरसमज डोळ्यांनी आणि बोटांनी केलेल्या पारखीतून जन्मतात. ऑइल काळे दिसले की ते खराब झाले आणि दोन बोटांत चोळून पातळ लागले की त्याचा दम संपला, असा निकाल गॅरेजमध्ये सर्रास दिला जातो. वास्तविक ऑइलमध्ये डिटर्जंट आणि डिस्पर्संट, म्हणजे मळ सोडवणारी व तो विखुरलेला ठेवणारी रसायने, मुद्दाम मिसळलेली असतात. ज्वलनातली काजळी धातूवर बसू न देता ऑइलमध्येच तरंगत ठेवणे हे त्यांचे काम असल्यामुळे काळवंडलेले ऑइल हे बहुधा कामात असलेले ऑइल असते. काळजी करावी ती दुधट छटेची, कारण ती ऑइलमध्ये पाणी मिसळल्याचे दाखवते.

यापेक्षा महागात पडणारा समज म्हणजे मोटारीसाठी आणलेले उंची सिंथेटिक ऑइल दुचाकीलाही मानवेलच, हा होय. मोटारीत इंजिन आणि गिअरबॉक्स यांची वंगणे वेगवेगळी असतात. बहुतेक मोटारसायकलींत मात्र एकच ऑइल इंजिन, गिअर आणि त्याच ऑइलात बुडालेला क्लच या तिन्हींना सांभाळते. मोटारीच्या अनेक ऑइलांत घर्षण कमी करणारी रसायने असतात आणि क्लच तर घर्षणावरच चालतो, त्यामुळे असे ऑइल घातल्यावर क्लच घसरू लागण्याचा, म्हणजे इंजिनाचा आवाज चढूनही गाडी त्या मानाने न ओढण्याचा, धोका असतो. हा भेद स्पष्ट व्हावा म्हणून जपानमध्ये १९९८ साली ‘जासो’ हे दुचाकी-ऑइलचे मानक लागू झाले. त्यातील ‘एमए’ आणि ‘एमए२’ हे वर्ग ऑइलात बुडालेल्या क्लचसाठी आहेत, तर कमी घर्षणाचा ‘एमबी’ हा वर्ग ज्यांचा क्लच कोरडा असतो अशा गिअरविरहित स्कूटरना चालतो. डब्याची किंमत पाहण्याआधी ही अक्षरे पाहणे अधिक शहाणपणाचे आहे.

विदर्भ-मराठवाड्याच्या उन्हाळ्यात घट्ट ऑइलच हवे, हा युक्तिवाद वरवर पटण्याजोगा आहे. ‘१०डब्ल्यू-३०’ या नोंदीतील पहिला अंक थंडीतील प्रवाहीपणा सांगतो आणि दुसरा १०० अंश सेल्सिअस तापमानाला मोजलेला दाटपणा. म्हणजे तापलेल्या इंजिनाचा विचार त्या अंकात आधीच झालेला असतो. इंजिनातील ऑइलच्या वाटा आणि पंप ठरावीक दाटपणा गृहीत धरून घडवलेले असल्याने स्प्लेंडरला १०डब्ल्यू-३० आणि रॉयल एनफिल्डच्या ३५० सीसी इंजिनाला १५डब्ल्यू-५० सांगितले जाते. गरजेपेक्षा घट्ट ऑइल इंजिन सुरू होताना वरच्या भागांपर्यंत उशिरा पोहोचते आणि इंधनही अधिक खाते, म्हणून दुसरा दाटपणा वापरायचा तो गाडीच्या पुस्तिकेतील तक्त्यात मुभा असेल तरच.

फिल्टरबाबत तर गाडीगणिक वस्तुस्थिती वेगळी आहे. कागदी ऑइल फिल्टर असलेल्या गाडीत तो तुंबला तरी इंजिनाचा ऑइलपुरवठा थांबू नये म्हणून सहसा बगल-झडप ठेवलेली असते. ती उघडली की न गाळलेले ऑइलच फिरू लागते आणि चालकाला त्याचा पत्ताही लागत नाही. स्प्लेंडरसारख्या १०० सीसी गाड्यांत असा बदलायचा कागदी फिल्टर नसतोच. तेथे एक जाळी असते आणि क्रँकशाफ्टबरोबर फिरून जड कण कडेला फेकणारा केंद्रोत्सारी फिल्टर असतो. तो धुण्यासाठी क्लचच्या बाजूचे झाकण उघडावे लागते, गॅस्केट बदलावे लागते, आणि म्हणूनच हे काम वर्षानुवर्षे टाळले जाते. एअर फिल्टर हवा मारून स्वच्छ होतो, हेही सरसकट खरे नाही: स्पंजचा फिल्टर धुऊन पुन्हा ऑइलात भिजवता येतो, कोरडा कागदी फिल्टर हलक्या हाताने झटकता येतो, पण ऑइल लावलेला कागदी फिल्टर मुदत संपली की बदलायचाच असतो.

थोडे जास्त ऑइल घातलेले बरे, असेही म्हटले जाते. तथापि जादा ऑइल घुसळले जाऊन त्यात फेस होतो आणि त्यातील काही श्वासनळीवाटे एअर फिल्टरमध्ये उतरते. गाडी फारशी चालत नसेल तर ऑइलही टिकते, हा समज तितकाच फसवा आहे, कारण छोट्या फेऱ्यांत इंजिन पुरते तापत नाही आणि साचलेली वाफ व कच्चे पेट्रोल ऑइलमध्येच राहते. डिझेल घालून इंजिन चालवण्याची ‘सफाई’ तर बेअरिंगांवरील वंगणाचा थरच पातळ करते.

काढलेले जळके ऑइल साखळीला लावणे किंवा सेंट्रिंगच्या फळ्यांना फासणे हा काटकसरीचा मार्ग मानला जातो. पण त्यातील धातूचे कण साखळी झिजवतात आणि कर्करोगकारक हायड्रोकार्बने कातडीला लागतात. भारतात २०१६ च्या नियमांनुसार वापरलेले ऑइल हा घातक कचरा आहे आणि तो गटारात ओतणे बेकायदा आहे. झाकणबंद डब्यात भरून ते गॅरेज किंवा सर्व्हिस सेंटरमार्फत अधिकृत पुनर्प्रक्रिया करणाऱ्याकडे पोहोचवावे.