लकडगंजकराचं फ्रायबुर्गमधलं वर्ष

परदेशात वर्ष काढून आलेल्या माणसाला इतर गावांत काय विचारतात, ठाऊक नाही. आमच्या नागपूरच्या लकडगंजात पहिला प्रश्न आला तो असा : "सर, तिकडं लाकूड काय भाव भेटते?" विचारणारे आमच्या गल्लीतल्या आरामशीनचे पटेलकाका. त्यांचे आजोबा कच्छहून नागपुरात आले ते याच धंद्यासाठी. काकांचा प्रश्न मला मनापासून आवडला. हवा, जेवण, पगार विचारणारे पुष्कळ भेटले, पण माझं सगळं वर्ष खरोखर लाकडाभोवतीच फिरलं होतं.

ऑक्टोबर २०२२ ते सप्टेंबर २०२३ मी जर्मनीतल्या फ्रायबुर्ग विद्यापीठात पाहुणा अध्यापक होतो. विषय इतिहास, त्यातही जुन्या मध्य प्रांताच्या जंगल खात्याचा. नागपूर १८६१ मध्ये त्या प्रांताची राजधानी झालं, १८६७ मध्ये इथवर रेल्वे आली आणि रुळांखालच्या स्लीपरांसाठी साग-सालाच्या जंगलांवर कुऱ्हाड पडू लागली. त्याच काळात, १८६४ मध्ये, हिंदुस्थानचा पहिला वन महानिरीक्षक नेमला गेला. तो इंग्रज नव्हता, बॉनचा वनस्पतिशास्त्रज्ञ डीट्रिख ब्रँडिस होता. त्याच्यामागून आलेले श्लिख आणि रिबेनट्रॉप हेही जर्मनच. किती झाडं वाढतात याचा हिशेब आधी मांडायचा आणि मग किती तोडायची ते ठरवायचं, ही त्यांच्या मुलखातली रीत. गावकऱ्यांचे जंगलावरचे हक्क शक्य तितके राखावेत, असं ब्रँडिसचं मत होतं. १८७८ चा कायदा मात्र फार कडक झाला आणि त्याचे चटके गोंड-कोरकूंनी सोसले. हे सगळं मी कागदांत वाचलेलं. ती विद्या जिथे जन्मली ते जंगल डोळ्यांनी पाहायचं होतं.

पहिला धडा वर्गात मिळाला. वेळापत्रकात दहा लिहिलं असलं तरी तास सव्वादहाला सुरू होतो. ही पंधरा मिनिटांची सूट तिथल्या विद्यापीठांत पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेली आहे. जर्मन माणसाच्या घड्याळाबद्दल ऐकून धास्तावलेल्या नागपूरकराला याहून गोड बातमी कोणती? तास संपला तशी मुलं बोटांच्या पेरांनी बाकांवर ठकठक करू लागली. टाळ्यांऐवजी तिकडे बाक वाजवतात, आणि व्याख्यान आवडल्याची ती पावती असते. माझा कान मात्र भलतीकडेच गेला. बाबा हयातभर एका आरामशीनवर हिशेब लिहायचे. ओंडक्यावर हातोडीचा दांडा ठोकून आतून पोकळ आहे की भरीव, हे ते आवाजावरून सांगायचे. त्या दिवशी बाक भरीव वाजले आणि मला घरच्यासारखं वाटलं.

तो हिवाळा लाकडाचाच होता. रशियाने युक्रेनवर हल्ला केल्यानंतर गॅसची टंचाई झाली. सरकारी इमारतींतली कार्यालयं १९ अंशांपर्यंतच तापवायची, असा नियम निघाला. लोक शेगडीसाठी जळाऊ लाकूड साठवायला लागले आणि त्याचे भाव कडाडले. माझ्या घरमालकीणबाई सत्तरीच्या. त्यांच्या भिंतीलगत बीच झाडाच्या ढलप्यांची थप्पी छपरापर्यंत लागलेली असे. मी हात लावायला गेलो तेव्हा बाईंनी आधी नीट पाहून घेतलं की मी थप्पी कशी लावतो. दोन ढलप्यांच्या मधून वारा खेळला पाहिजे, तळाला आडव्या काठ्या हव्यात, लाकूड जमिनीला टेकता कामा नये. लकडगंजात सागवानाच्या फळ्या रचताना मध्ये गुटके ठेवतात ते याचसाठी. माझी थप्पी पाहून बाईंनी मान डोलावली आणि त्या दिवसापासून आमच्यातला परकेपणा संपला. संध्याकाळी त्यांच्याकडे सूप आणि राईचा पाव, माझ्याकडे फोडणीचा भात असा व्यवहार सुरू झाला. हळूहळू त्या तर्रीपर्यंत येऊन पोचल्या, डोळ्यांतून पाणी काढत, पण ताट स्वच्छ करत.

फेब्रुवारीत जे पाहिलं ते या वर्षाचं खरं धन. लेंटच्या ख्रिस्ती उपासांआधी त्या भागात फास्नेट नावाचा सण असतो. कोरोनामुळे दोन वर्षं नीट झाला नव्हता, त्यामुळे २०२३ मध्ये माणसं आसुसली होती. एका सहकारी बाईंनी मला जवळच्या एल्त्साख गावी नेलं. रस्त्यावर अंधार, आणि त्या अंधारातून लाल झिपऱ्यांचे कपडे घातलेली माणसं उड्या मारत येत होती. तोंडावर कोरीव लाकडी मुखवटे, डोक्यावर गोगलगाईंच्या शंखांनी मढवलेल्या टोप्या. हातातल्या काठीला डुकराचं फुगवलेलं मूत्राशय बांधलेलं, आणि त्याचा फटका कुणाच्याही पाठीत. यांना शुट्टिग म्हणतात. मुखवटे घरातले, बापाकडून लेकाकडे आलेले. एका माणसाने आपला मुखवटा काढून माझ्या हातात दिला. आतली बाजू कपाळाच्या घामाने काळी पडून गुळगुळीत झाली होती, नाकापाशी कुणीतरी खूप वर्षांपूर्वी चामड्याचा तुकडा ठोकला होता, आणि बाहेरच्या बाजूला छिन्नीचे घाव रंगाखालूनही दिसत होते.

माझ्या तोंडून निघालं, "अरे, ही तर मारबत!" सहकारी बाईंना समजावून सांगायला मला रात्र पुरली नाही. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी आमच्या पूर्व नागपुरात काळी आणि पिवळी मारबत निघते. काळी १८८१ पासून, पिवळी १८८५ पासून असं सांगतात. बांबू आणि कागदाच्या त्या अजस्र बायांना रोगराई, इडापीडा घेऊन जा म्हणून ओरडत इतवारीतून मिरवायचं आणि शेवटी जाळायचं. सोबत बडगे असतात. महागाईचा बडगा, भ्रष्टाचाराचा बडगा, त्या वर्षी ज्याच्यावर राग असेल त्याचा. फ्रायबुर्गमध्ये त्याच सणाच्या मिरवणुकीतही राजकारण्यांची तशीच टोपी उडवत होते. गावाने वर्षातून एक दिवस आपलं भय आणि आपला राग रस्त्यावर आणून नाचवावा, हे शहाणपण दोन्हीकडे आहे. माझं वर्ष परकं राहिलं नाही ते त्या रात्रीमुळे. २०२३ ची मारबत चुकली याची हळहळ मात्र अजून आहे.

मे महिन्यात ४९ युरोंचं तिकीट निघालं. त्या पैशांत तेव्हा महिनाभर देशभरातल्या साध्या गाड्यांतून हिंडता यायचं. मी बॉन गाठलं. ब्रँडिस १८२४ मध्ये तिथेच जन्मला आणि १९०७ मध्ये तिथेच वारला. मरणाच्या आदल्या वर्षी त्याचा भारतीय वृक्षांवरचा मोठा ग्रंथ निघाला होता. ऱ्हाईनच्या काठी बसून मी त्यातली सागवानाची पानं चाळली, दुसरं काही केलं नाही.

जंगलात मात्र खूप हिंडलो. एका वनरक्षकाबरोबर रस्त्याकडेचे ओंडके मोजायला गेलो होतो. तो ओंडक्याच्या मध्यावर मोठा चिमटा लावून व्यास घेतो आणि त्यावरून घनमीटर काढतो. आमच्याकडे मध्यावर टेप गुंडाळून घेर घेतात, त्याचा चौथा हिस्सा करतात, त्याचा वर्ग करून लांबीने गुणतात. हे गणित मी लहानपणापासून ऐकलेलं. दोन्हीचा मेळ घातला तर जर्मन मापाने शंभर भरलेलं लाकूड आमच्या मापाने साडेअठ्ठ्याहत्तरच भरतं. वनरक्षक चकित झाला. परतल्यावर पटेलकाकांना सांगितलं तर ते म्हणाले, "त्यात काय, सर? चिरताना कडेची फळकुटं निघते, भुसा पडते. तेवढं आमी आधीच सोडून देतो." गोल ओंडक्यातून चौकोनी माल काढणाऱ्याचं ते माप आहे, वनरक्षकाला जंगलातून किती गेलं ते हवं असतं. या एका फरकावर माझ्या लेखाचा अख्खा भाग उभा राहिला.

फ्रायबुर्गचं स्वतःचं जंगल शहराच्या हद्दीतच आहे. ट्रामने ग्युंटर्सटालला उतरून चढ चढला की जर्मनीतलं सर्वांत उंच झाड येतं. ते डग्लस फर आहे, ६६ मीटरहून उंच. मूळ जात अमेरिकेतली, लागवड १९१३ ची. लोकांनी त्याला वाल्डट्राउट असं बाईचं नाव ठेवलं आहे आणि पोरं त्याला नावाने हाक मारतात. त्याच डोंगरांत, २०१८ पासूनच्या दुष्काळाने आणि सालीतल्या भुंग्याने वाळलेले स्प्रूसचे पट्टेही पाहिले. भुंग्याने मारलेलं लाकूड एकदम बाजारात आलं तेव्हा भाव कोसळले होते. वनरक्षक हे सांगताना गप्प होऊन जायचा.

परत आलो तेव्हा टेलिफोन एक्स्चेंज चौकात मेट्रो सुरू झालेली होती. मी गेल्यावर डिसेंबरात ती आली. दिल्लीच्या नव्या संसद भवनात नागपूरचं सागवान लागलं, हेही गल्लीत सगळ्यांनी आवर्जून सांगितलं. ते लाकूड वाढलं कुठे, हा प्रश्न आता मी माझ्या विद्यार्थ्यांना पहिल्याच तासाला विचारतो आणि नकाशावर आलापल्लीचं सागाचं जंगल दाखवतो.

त्या सहकारी बाई यंदा पोळ्याला नागपुरात येत आहेत. मारबत पाहायची, मग आलापल्लीच्या वनवैभवातले न तोडलेले जुने साग पाहायचे, असा बेत आहे. घरचा एल्त्साखचा मुखवटा सोबत आणू का, असं त्यांनी विचारलं होतं. आणा म्हणून कळवलं आहे, आणि मिरवणुकीत तो घालून चाललेलं चालेल का, हे मारबतवाल्यांना विचारायला उद्या सकाळी जगनाथ बुधवारीत जातो आहे.