गाडी कडेला लावताना

कडेला उभ्या असलेल्या दोन गाड्यांच्या मधोमध मोटार लावायची वेळ आली, की अनेक जण आधी बॉनेट आत घालतात. मग मागचा भाग निम्म्या रस्त्यात राहतो. याचे कारण साधे आहे : स्टिअरिंगने वळतात ती फक्त पुढची चाके, मागची नुसती ओढली जातात. उलट जाताना मात्र मागचा भाग आधी कडेला बसतो आणि पुढचा भाग हवा तसा फिरवून आत घेता येतो.

४ मीटर लांबीच्या गाडीसाठी सुमारे ६ मीटर जागा नवशिक्याला पुरते. पुढच्या गाडीशेजारी दोनेक फुटांचे अंतर ठेवून दोन्ही गाड्यांचे मागचे बंपर एका रेषेत आणावेत. मागून कोणी येत नाही ना, हे पाहून रिव्हर्स गिअर टाकावा आणि हाफ क्लचवर सावकाश मागे जात स्टिअरिंग पूर्ण डावीकडे फिरवावे. गाडी साधारण ४५ अंशांत तिरपी झाली, की चाके सरळ करावीत. आपला पुढचा डावा कोपरा पुढच्या गाडीच्या बंपरमागे आला, की स्टिअरिंग पूर्ण उजवीकडे. घाई नडते ती इथेच. मागच्यांचे हॉर्न तर वाजणारच! मागचे चाक लवकर पदपथाला टेकले, तर कोन जास्त झाला असे समजावे आणि बाहेर काढून पुन्हा सुरुवात करावी.

उतरताना आरसा पाहणे टाळले, तर उघडलेल्या दारावर दुचाकीस्वार आदळतो. चालकाने उजवे दार डाव्या हाताने उघडल्यास मान आपोआप मागे वळते.