भाषा शिकायची कोणी?

सिंगापूरच्या कोपितिआममध्ये, म्हणजे तिथल्या नाक्यावरच्या कॉफीच्या दुकानात, बिनदुधाची, बिनसाखरेची कॉफी हवी असली की ‘कोपी ओ कोसोंग’ म्हणायचं. त्यातला ‘ओ’ होक्किएन या चिनी बोलीतला, बाकीचं मलय. तमिळ गिऱ्हाईकही ती अशीच मागतं. पण मलय, मँडरिन, तमिळ, इंग्रजी या चार अधिकृत भाषांत होक्किएन नाही. १९७९ मध्ये पंतप्रधान ली क्वान यू यांनी ‘मँडरिन बोला’ ही मोहीम काढली आणि होक्किएन, तेओच्यू, कँटोनीज या घराघरांतल्या बोली हळूहळू रेडिओ-टीव्हीवरून हटल्या. इंग्रजी-मँडरिन शिकलेली नातवंडं आणि फक्त तेओच्यू येणारी आजी एका टेबलावर जेवायला बसली, तरी बोलणं ‘जेवलास का’च्या पुढे सरकेना. २०१६ मध्ये त्याच टीव्हीवर होक्किएन मालिका आली, कारण सरकारी योजनांची माहिती म्हाताऱ्या माणसांना त्यांच्या बोलीतच द्यावी लागत होती. सिंगापूरच्या शिस्तीचे गोडवे गाताना आपण त्या आजीला विसरू नये.

लक्झेंबर्गमध्ये १९८४ च्या कायद्याने लक्झेंबर्गी राष्ट्रभाषा झाली. कायदे मात्र फ्रेंचमध्ये आणि मुलांची अक्षरओळख जर्मनमधून. शेजारच्या देशांतून रोज कामाला येणाऱ्यांमुळे दुकानात बहुधा फ्रेंचच ऐकू येते. लक्झेंबर्गी घरातल्या मुलाला जर्मन जवळची वाटते. पोर्तुगीज बांधकाम कामगाराच्या मुलीला घरी पोर्तुगीज, बालवाडीत लक्झेंबर्गी, पहिलीत जर्मन आणि पुढे फ्रेंच. तिच्या चार भाषांचं कौतुक जरूर करावं; पण गणिताचं उदाहरण जर्मनमुळे अडलं तर तिला घरी कोण मदत करणार? २०२२ पासून काही शाळांत फ्रेंचमधून अक्षरओळखीचा प्रयोग सुरू झाला. तो फार आधी व्हायला हवा होता.

पाराग्वेची गोष्ट वेगळी. मूळनिवासींची ग्वारानी तिथे आदिवासी नसलेले बहुसंख्य लोकही बोलतात. लॅटिन अमेरिकेत असं क्वचितच घडलं आहे. १९९२ च्या राज्यघटनेने तिला स्पॅनिशच्या जोडीने अधिकृत केलं. घासाघीस, थट्टामस्करी, प्रेमाचं बोलणं ग्वारानीत, बँकेचा अर्ज स्पॅनिशमध्ये आणि एरवी दोन्हींची सरमिसळ, तिला जोपारा म्हणतात. शाळेत ग्वारानी बोललं म्हणून शिक्षा झालेली माणसं तिथे अनेक आहेत. भाषा टिकली ती घरांमुळे आणि बाजारामुळे.

मॉरिशसशी आपलं नातं जवळचं. १८३४ नंतर उसाच्या मळ्यांवर गेलेल्या मजुरांत कोकणातली मराठी माणसंही होती. आज तिथे गणेश चतुर्थीला सार्वजनिक सुट्टी असते, शाळेत मराठी शिकता येते. आरती मराठीत होते आणि प्रसाद वाटताना गप्पा क्रिओलमध्ये. वर्तमानपत्रं मुख्यतः फ्रेंच, सरकारी कामकाज इंग्रजीत. जवळजवळ सगळा देश जी भाषा बोलतो ती क्रिओल प्राथमिक शाळेत ऐच्छिक विषय म्हणून आली २०१२ मध्ये. तिथल्या मराठी घरात जाऊन ‘तुम्हाला मराठी नीट येत नाही’ असं म्हणणारे आपल्याकडचे पाहुणे मला खटकतात. जाण्याआधी त्यांनी क्रिओलची चार वाक्यं शिकावीत.