उताराचा हिशेब

साताऱ्याच्या बाजूने पुण्यात उतरणारा मुंबई–बेंगळुरू महामार्ग कात्रजच्या नव्या बोगद्यातून बाहेर पडतो आणि दरी पूल, नऱ्हे असे टप्पे घेत वडगाव बुद्रुकजवळच्या नवले पुलापर्यंत येतो. काही किलोमीटरचा हा सलग उतार अनेक वर्षे अपघातांसाठी ओळखला जातो. २० नोव्हेंबर २०२२ च्या संध्याकाळी याच उतारावरून आलेल्या एका अवजड वाहनाने पुलाजवळ वीसहून अधिक वाहनांना धडक दिली, आणि इंधन वाचवण्यासाठी चालकाने उतारावर इंजिन बंद केले असावे, अशी माहिती प्राथमिक तपासातून पुढे आली. अशा बातम्यांत ‘ब्रेक निकामी झाल्याने’ हे शब्द जवळजवळ ठरलेले असतात. परंतु ब्रेक निकामी होणे ही बहुतेक वेळा उताराच्या माथ्यावर सुरू झालेल्या एका हिशेबाची शेवटची ओळ असते. त्या हिशेबातील बल, वस्तुमान, त्वरण, घर्षण, संवेग आणि ऊर्जा या राशी बालभारतीच्या इयत्ता नववीच्या विज्ञान पुस्तकात पहिल्या दोन पाठांतच भेटतात. नवले पुलाचा उतार समोर ठेवून ते पाठ वाचले, तर वेग का वाढतो यापेक्षा वाहन थांबवणारे बल कोठून आणायचे, हा प्रश्न अधिक महत्त्वाचा असल्याचे ध्यानात येते.

गतीचे शास्त्र उतारावरच जन्मले

बैल थांबले की गाडी थांबते, हा रोजचा अनुभव असल्यामुळे गती टिकवण्यासाठी सतत बल लावावे लागते असे माणसाला स्वाभाविकपणे वाटते, आणि ॲरिस्टॉटलच्या काळापासून सुमारे दोन हजार वर्षे विद्वानांचेही मत साधारण असेच होते. गॅलिलिओने या समजुतीची परीक्षा उतरणीच्या साहाय्याने घेतली. सरळ खाली पडणाऱ्या वस्तूचा वेग इतक्या झपाट्याने वाढतो की त्या काळच्या साधनांनी तो मोजणे कठीण होते. म्हणून त्याने गोळी तिरप्या पन्हळीवरून घरंगळत सोडली, म्हणजेच गुरुत्वाचा परिणाम मंद करून घेतला, आणि गोळीने कापलेले अंतर हे लागलेल्या काळाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते असे दाखवले. १६३८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्याच्या ग्रंथात हे विवेचन आले आहे. एका उतरणीवरून आलेली गोळी समोरच्या चढावर जवळजवळ मूळच्या उंचीइतकी चढते, समोरचा चढ जितका सौम्य तितकी ती लांबवर जाते, आणि समोर चढच नसेल व घर्षणही नसेल तर तिला थांबण्याचे काही कारणच उरत नाही, असा त्याच्या विचाराचा पुढचा टप्पा होता.

१६८७ मध्ये न्यूटनने हाच विचार गतीच्या पहिल्या नियमाच्या रूपाने मांडला: वस्तूवर असंतुलित बल कार्य करत नसेल, तर स्थिर वस्तू स्थिर राहते आणि गतिमान वस्तू त्याच वेगाने सरळ रेषेत जात राहते. आहे ती अवस्था टिकवून धरण्याच्या वस्तूच्या या प्रवृत्तीला जडत्व म्हणतात आणि वस्तुमान हे त्याचे माप असते. बैलगाडी थांबते ती चाकांच्या व रस्त्याच्या घर्षणामुळे, बैलांचे बल संपल्यामुळे नव्हे. बैल फक्त त्या घर्षणाची भरपाई करत असतात. गती टिकण्याला कारण लागत नाही, ती बदलण्याला लागते, हे ज्याला उमगले त्याला घाटातील अवजड वाहनाच्या अडचणीचे अर्धे उत्तर मिळाले.

वजनाचे दोन वाटे

सपाट रस्त्यावर उभ्या असलेल्या ट्रकचे वजन, म्हणजे पृथ्वीने त्याला खाली ओढण्याचे बल, रस्त्याच्या वरच्या दिशेने मिळणाऱ्या आधाराने पूर्णपणे तोलले जाते. उतारावर मात्र त्या वजनाचे दोन वाटे पडतात: मोठा वाटा रस्त्यावर दाब देतो आणि लहान वाटा वाहनाला रस्त्याच्या दिशेनेच खाली ओढतो. समजा, रस्ता दर शंभर मीटर लांबीमागे चार मीटर खाली उतरतो. अशा रस्त्यावर खाली ओढणारा वाटा वजनाच्या पंचविसाव्या हिश्श्याइतका असतो. मालासह ३० टनांच्या, म्हणजे ३०,००० किलो वस्तुमानाच्या ट्रकचे वजन सुमारे २ लाख ९४ हजार न्यूटन भरते, आणि त्यातील जवळपास १२ हजार न्यूटन इतके बल त्याला अखंड पुढे ओढत राहते. एक किलो वस्तुमानाच्या वेगात दर सेकंदाला सेकंदास एक मीटर इतकी वाढ करणारे बल म्हणजे एक न्यूटन होय.

न्यूटनच्या दुसऱ्या नियमानुसार बल म्हणजे वस्तुमान गुणिले त्वरण, आणि त्वरण म्हणजे वेग बदलण्याचा दर. वरील बलाला ट्रकच्या वस्तुमानाने भागले की त्वरण येते दर सेकंदाला केवळ ०.४ मीटर प्रतिसेकंद, जे बसलेल्या माणसाला जाणवेलच असे नाही. तरीही हे त्वरण एक किलोमीटरभर अडथळ्याविना चालू राहिले, तर जागेवरून सुटलेले वाहन ताशी १०० किलोमीटरच्या आसपास पोहोचते. चाकांचा आणि हवेचा विरोध धरला तर हा वेग काहीसा कमी, परंतु नव्वदीच्या घरात राहतो. उतार डोळ्यांना किरकोळ दिसतो आणि त्याचे त्वरण अंगाला जाणवत नाही, म्हणूनच तो फसवा ठरतो.

येथे वस्तुमानाविषयीचा एक सार्वत्रिक गैरसमजही दूर करता येतो. जड वाहन उतारावर अधिक वेगाने धावते असे मानले जाते, परंतु वस्तुमान दुप्पट झाले की खाली ओढणारे बल दुप्पट होते आणि जडत्वही दुप्पट होते, त्यामुळे त्वरण तेवढेच राहते. जडपणाचा खरा परिणाम वाहन आवरताना दिसतो, कारण उतारावर ताशी ४० किलोमीटर हा वेग नुसता कायम राखायचा असेल तरीही बले संतुलित असावी लागतात, म्हणजे खाली ओढणाऱ्या १२ हजार न्यूटनांना तेवढ्याच बलाचा विरोध क्षणोक्षणी मिळावा लागतो. सपाटीवर वेग राखण्यासाठी इंजिन काम करते. उतारावर वेग राखण्यासाठी कोणीतरी मागे ओढत राहावे लागते.

ब्रेकला लागणारा ताप

हे मागे ओढण्याचे काम ब्रेक घर्षणाने करतो. घर्षण गती नाहीशी करते, परंतु गतीबरोबरची ऊर्जा नाहीशी होत नाही, ती उष्णतेच्या रूपाने ब्रेकच्या ड्रममध्ये व लायनिंगमध्ये उतरते. उंचीमुळे वस्तूत साठलेल्या ऊर्जेला स्थितिज ऊर्जा आणि गतीमुळे असलेल्या ऊर्जेला गतिज ऊर्जा म्हणतात. उतरणाऱ्या ट्रकची स्थितिज ऊर्जा सतत कमी होत असते. वेग वाढू द्यायचा नसेल तर ती सगळीच्या सगळी दुसरीकडे वळवावी लागते. वरच्या उदाहरणातील ट्रक ताशी ४० किलोमीटरने उतरत असता चाकांचा व हवेचा विरोध वजा जाऊनही दर सेकंदाला सुमारे एक लाख ज्यूल, म्हणजे एक किलोवॉटच्या शंभर विजेच्या इस्त्र्या एकाच वेळी चालू असल्यासारखी उष्णता निर्माण होते. ब्रेक एवढी उष्णता थोडा वेळ सोसू शकतो. परंतु पाय पॅडलवरून न काढता काही किलोमीटर उतरत राहिल्यास लायनिंग इतके तापते की त्याची पकड सैल पडत जाते. ‘ब्रेक लागेना’ असे चालक म्हणतो तेव्हा कित्येकदा ब्रेकचा एकही भाग तुटलेला नसतो, फक्त तापलेल्या पृष्ठभागांमधील घर्षण घटलेले असते.

यावरचा उपाय घाटातील जुन्या चालकांच्या नियमात आहे: ज्या गिअरमध्ये घाट चढायचा, त्याच गिअरमध्ये तो उतरायचा. वाहन गिअरमध्ये असले आणि ॲक्सिलरेटर सोडलेला असला की इंजिन चाकांना फिरवत नाही, चाकेच इंजिनाला फिरवू लागतात. इंजिनातील घर्षण आणि सिलिंडरमधील हवा दाबून बाहेर टाकण्याचे काम यांचा भार चाकांवर पडतो, आणि गिअर जितका खालचा तितका हा विरोध मोठा होतो. गाडी न्यूट्रलवर टाकताच इंजिन आणि चाके यांचा संबंध तुटतो, हा विरोध शून्य होतो आणि सगळा भार एकट्या ब्रेकवर येऊन पडतो. इंजिनच बंद केले तर संकट आणखी वाढते, कारण अवजड वाहनांच्या ब्रेकला लागणारी दाबाखालील हवा इंजिनावर चालणाऱ्या कॉम्प्रेसरकडून मिळते, आणि स्टीअरिंग हलके ठेवणारी यंत्रणाही इंजिनावरच अवलंबून असते. ज्या बचतीसाठी हे केले जाते तीही बहुधा फसवी असते. आधुनिक डिझेल इंजिन गिअरमध्ये राहून उतरत असता इंधनाचा पुरवठा जवळजवळ पूर्णपणे थांबवते, तर न्यूट्रलमध्ये चालू राहण्यासाठी त्याला इंधन जाळावेच लागते.

एकामागून एक वाहने का सापडतात

गतिज ऊर्जा वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते, म्हणजे वेग दुप्पट झाला की ती चौपट होते आणि ब्रेकच्या त्याच बलाने थांबायला लागणारे अंतरही चौपट होते. ब्रेक धड असलेला ट्रक ताशी ४० किलोमीटर वेगात सुमारे १२ मीटरमध्ये थांबू शकत असेल, तर ताशी ८० ला त्याला सुमारे ५० मीटर लागतील; धोका दिसल्यापासून पाय ब्रेकवर जाईपर्यंतच्या एका सेकंदात कापलेले अनुक्रमे ११ आणि २२ मीटर त्यात मिळवावे लागतात.

वस्तुमान आणि वेग यांच्या गुणाकाराला संवेग म्हणतात. ताशी ४० किलोमीटरने जाणाऱ्या ३० टनांच्या ट्रकइतका संवेग एक टनाच्या मोटारीला मिळायचा असेल, तर तिला ताशी १,२०० किलोमीटर वेगाने धावावे लागेल. या दोघांची टक्कर झाली तर न्यूटनच्या तिसऱ्या नियमानुसार ट्रकने मोटारीवर लावलेले बल आणि मोटारीने ट्रकवर लावलेले बल अगदी सारखे असते. परंतु सारख्याच बलाने हलक्या मोटारीचा वेग प्रचंड बदलतो आणि ट्रकचा जेमतेम. ताशी ५४ किलोमीटरने आलेला असा ट्रक उभ्या मोटारीला धडकून दोघे एकत्र पुढे सरकू लागले, तर संवेग अक्षय्यतेच्या नियमाने त्यांचा एकत्रित वेग ताशी ५२ किलोमीटरहून थोडा अधिक येतो. म्हणजे पहिल्या टकरीत ट्रकने गमावला तो ताशी दोन किलोमीटरहूनही कमी वेग. सिग्नलला किंवा कोंडीत उभी असलेली वाहने एकामागून एक का सापडत जातात, त्याचे स्पष्टीकरण या एका आकड्यात आहे.

बोरघाटाने शोधलेले उत्तर

उतारावर गाडी थांबवायची कशी, हा प्रश्न पुण्याहून मुंबईकडे जाणाऱ्या रेल्वेला दीडशे वर्षांहून अधिक काळापूर्वीच सोडवावा लागला. १८६३ मध्ये सुरू झालेला बोरघाटाचा लोहमार्ग सुमारे २५ किलोमीटरमध्ये साडेपाचशे मीटरहून अधिक उंची गाठतो, आणि त्याचा सर्वांत तीव्र चढ ३७ मीटरमागे एक मीटर असा आहे. रस्त्याच्या तुलनेत हे प्रमाण सौम्य वाटेल, परंतु पोलादी रुळावर पोलादी चाक सहज घरंगळत असल्याने रेल्वेला उतारावर आपोआप मिळणारा विरोध फारच अल्प असतो. चढताना हीच गुळगुळीत जोडी नडते: एक हजार टनांच्या गाडीला मागे खेचणारे बल सुमारे २७ टन वजनाइतके भरते, आणि रुळावरील पकडीमुळे इंजिनाला आपल्या वजनाच्या पाव-तृतीयांश हिश्श्यापेक्षा फारसे अधिक बल लावता येत नाही. पुण्याकडे येणाऱ्या गाड्या कर्जतला थांबतात, फलाटावर वडे खाल्ले जातात आणि तेवढ्यात मागून ढकलण्यासाठी जादा इंजिने, म्हणजेच बँकर, जोडली जातात, त्याचे कारण हेच.

उतरणीसाठी मात्र घाटात निराळीच व्यवस्था आहे. ठराविक ठिकाणी मुख्य मार्गापासून एक फाटा बाजूच्या चढाकडे वळवलेला असतो. त्याला कॅच सायडिंग म्हणतात. सांधा नेहमी या फाट्याकडेच लावलेला असतो. उतरणाऱ्या गाडीने आधी थांबून दाखवायचे, म्हणजे आपले ब्रेक शाबूत असल्याचे सिद्ध करायचे, आणि मगच तिच्यासाठी मुख्य मार्ग खुला व्हायचा. न थांबलेली गाडी आपसूक चढावर जाते आणि तिची गतिज ऊर्जा पुन्हा उंचीत रूपांतरित होऊ लागते. ताशी ५४ किलोमीटरने आलेली गाडी केवळ चढामुळे थांबायची तर तिला साधारण साडेअकरा मीटर उंची गाठावी लागते, आणि त्यात वस्तुमानाचा संबंध येत नाही. गॅलिलिओच्या गोळीपुढे असलेली दुसरी उतरणच बोरघाटात रूळ होऊन उभी आहे. जगातील अनेक घाटरस्त्यांवर सैल खडी पसरलेले चढते फाटे याच तत्त्वावर बांधलेले असतात.

या व्यवस्थेत उतरणारी प्रत्येक गाडी आवरणार नाही असे आधी गृहीत धरले जाते आणि आवरता येते हे सिद्ध करण्याचे ओझे गाडीवर टाकले जाते. महामार्गावर उताराच्या माथ्याशी असा सांधा नसतो. तेथे चालकाने स्वतःच वेग कमी करून, खालचा गिअर टाकून, ब्रेक दाबून पाहून ती परीक्षा द्यायची असते. बोगद्याच्या तोंडाशी वाहन ताशी ४० किलोमीटरवर असताना ही परीक्षा सोपी असते, कारण तेव्हा खाली ओढणाऱ्या १२ हजार न्यूटनांना इंजिन आणि थंड ब्रेक मिळून सहज तोलू शकतात. नवले पूल दिसू लागेपर्यंत ती पुढे ढकलली, तर वेग दुप्पट, ऊर्जा चौपट आणि ब्रेकची पकड घटलेली अशा अवस्थेत ती द्यावी लागते.