सातबाऱ्यावरचा पोटखराबा

रत्नागिरी-राजापूरकडचा एखादा सडा मे महिन्यातल्या दुपारी पाहावा. काळवंडलेला कातळ, मधूनमधून करपलेलं गवत, सावलीला झुडूप नाही आणि दगड असा तापलेला की चप्पल काढायची सोय नाही. सातबाऱ्यावर अशा जमिनीपुढे बहुधा ‘पोटखराबा’ असा शेरा असतो. पीक येत नाही ती जमीन खराब, हा महसुलाचा हिशेब. तो बेडकांना विचारून केलेला नाही, एवढंच.

सडा म्हणजे जांभ्याचं पठार. काळ्या बेसॉल्टवर लाखो वर्षं उष्ण, दमट हवेचा आणि पावसाचा मारा झाला. त्यातली सिलिका वाहून गेली, लोह आणि अ‍ॅल्युमिनियमची संयुगं मागे राहून घट्ट झाली. कोकणातली घरं ज्या चिऱ्यांची, तो हाच दगड. फ्रान्सिस बुकॅनन याने १८०७ साली मलबारातल्या अशाच दगडाला ‘लॅटेराइट’ हे नाव दिलं ते विटेच्या लॅटिन शब्दावरून, कारण तिथले लोक तो विटांसारखा कापून काढत होते.

मग मृग लागतो, आणि आठवड्याभरात ओळख पटू नये असा सडा बदलतो.

पहिल्या सरींबरोबर दीपकाडीची पांढरी फुलं वर येतात. हा कंद कोकण-गोव्याच्या टापूबाहेर सहसा सापडायचा नाही. कातळावर शेवाळ चढतं, भेगांतून नेचे उलगडतात. पाऊस स्थिरावला की पांढऱ्या गोंड्यांचे गेंद उगवतात आणि त्यांच्यात सीतेच्या आसवांची जांभळी पखरण होते. सड्यावर माती असते ती बोटभर, तीही धुऊन गेलेली. नत्राचा तर दुष्काळच. तो काही वनस्पती शिकार करून भरून काढतात. सीतेची आसवं हे नाव कितीही हळवं असलं तरी ही वनस्पती पक्की शिकारी आहे. ओल्या मातीखाली तिच्या बारीक पिशव्या असतात. सूक्ष्म जीव तोंडाशी आला की पिशवी त्याला पाण्यासकट आत ओढते, पापणी लवायच्याही कितीतरी आधी. शेजारचा दवबिंदू पानांवरच्या चिकट थेंबांनी किडे धरतो. कासच्या पठारावर, जवळजवळ १२०० मीटर उंचीवर, हीच मंडळी आहेत. तिथे ती पाहायला झुंबड उडते. कोकणातल्या सड्यावर गुरांखेरीज कोणी फिरकत नाही.

पण सड्याची खरी गंमत त्याच्या डबक्यांत आहे. कातळातले खळगे पावसाने भरतात आणि कालपर्यंत जी जमीन होती तिथे चार महिन्यांची जलसृष्टी उभी राहते. वीतभर पाण्यात फेअरी श्रिंप पोहू लागतात, झिंग्यांच्या दूरच्या नात्यातले, पाठीवर उलटे पोहणारे पारदर्शक जीव. त्यांची अंडी कोरड्या धुळीत उन्हाळा काढतात, प्रसंगी अनेक वर्षं तग धरतात. अशा डबक्यात मासे नसतात, म्हणून बेडकांच्या पिल्लांना खाणारे थोडे. धोका असतो तो उघडिपीचा. सह्याद्रीच्या माथ्यावर आंबोलीचा टोड कातळावरच्या उथळ पाण्यात अंडी घालतो. पावसाने चार दिवस दडी मारली की पाणी आटतं आणि अख्खी पिढी वाळते. २००९ साली शास्त्राने नाव दिलेल्या या भेकाचा जगातला पत्ता आंबोली आणि तिच्या आसपासपुरताच आहे. अतिसंकटग्रस्त प्राण्यांच्या यादीत तो आहेच.

हे पाणी सगळंच वाहून जात नाही. जांभा सच्छिद्र असतो. भेगांतून मुरलेलं पाणी सड्याच्या कडेला झऱ्यांतून आणि खालच्या वाडीच्या विहिरींत उतरतं. चिरेखाणीसाठी सडा कापला किंवा हापूसच्या कलमांसाठी सुरुंग लावून खड्डे घेतले आणि बाहेरची माती आणून भरली, तर डबकी जातातच, शिवाय पाण्याच्या वाटाही बदलतात. जमीनमालकाचंही चुकतं असं कसं म्हणणार? पोटखराबा कागदावर काहीच देत नाही. चिरा आणि आंबा रोख पैसे देतात.

याच सड्यांवर कातळशिल्पं आहेत. बारसू, कशेळी, देवाचे गोठणे, उक्षी ही नावं २०२२ साली युनेस्कोच्या संभाव्य यादीत गेली. कशेळीला भलाथोरला हत्ती कोरलेला आहे. काही ठिकाणी गेंडाही दिसतो, जो आज कोकणात नावालाही नाही. गेंड्याला पाणथळ जागा आणि उंच गवत लागतं; कोरणाऱ्याने तो इथेच पाहिला असेल, तर तेव्हाचा मुलूख आजच्यापेक्षा फार निराळा असणार. त्या कोरीव रेषांच्या खाचांत आता जूनमध्ये पाणी साठतं, आणि थोड्याच दिवसांत त्यात काहीतरी वळवळायला लागतं.