यकृताचे नवे आयुष्य – भाग 6 : पित्तनलिकेचा नाजूक जोड

नागपुरातले पहिले यकृत प्रत्यारोपण 2018 मध्ये लकडगंजच्या न्यू एरा हॉस्पिटलमध्ये झाले. त्याआधी विदर्भातल्या रुग्णाला मुंबई, हैदराबाद नाहीतर दिल्ली गाठावी लागे. मागच्या भागात शस्त्रक्रियेची हकीकत आली. टाके सुकल्यावरही एक जागा डॉक्टरांची काळजी वाढवत राहते, ती म्हणजे पित्तनलिकेचा जोड.

यकृत रोज अर्धा ते पाऊण लिटर पित्त तयार करते. ते आतड्यात नेणारी नलिका जेमतेम पाच-सहा मिलिमीटर रुंद. दात्याच्या नलिकेचे टोक रुग्णाच्या नलिकेला बारीक टाक्यांनी जोडतात. यकृताला दोन रक्तवाहिन्यांतून रक्त मिळते. ही नलिका मात्र मुख्यतः यकृत-धमनीवरच जगते. तो पुरवठा कमी पडला की जोड पाझरतो किंवा आकसतो. जिवंत दात्याचे अर्धे यकृत घेतले असेल, तर नलिका आणखी बारीक, कधी दोन-दोन असतात. त्यामुळे तिथे हा त्रास जास्त.

जोड बिघडला की डोळे पिवळे होतात, लघवी गडद होते, अंगाला खाज सुटते, थंडी वाजून ताप येतो. कित्येकदा यातले काहीच नसते. फक्त रक्तातले अल्कलाइन फॉस्फटेज हे विकर वाढलेले दिसते. मग सोनोग्राफी आणि एमआरसीपी, म्हणजे पित्तनलिकांचा एमआरआय.

जोड आकसल्याचे दिसले की ईआरसीपी, म्हणजे दुर्बिणीतून पित्तनलिकेत शिरण्याची पद्धत, कामी येते. 1968 मध्ये अमेरिकेत विल्यम मॅक्यून यांनी दुर्बिणीतून या नलिकेच्या मुखात नळी घातली; 1974 मध्ये जर्मनी आणि जपानमध्ये तेच मुख दुर्बिणीतून कापून रुंद करण्यात यश आल्याची नोंद झाली. आज रुग्णाला गुंगी देऊन दुर्बीण तोंडावाटे लहान आतड्यात नेतात. मुखातून केसासारखी तार वर सरकते, डाय सोडला जातो आणि एक्स-रेच्या पडद्यावर आकसलेला जोड दिसतो. तिथे फुगा फुगवतात. आधी त्याला मधोमध कंबर पडते. दाब वाढतो तशी ती नाहीशी होते. मग नलिका उघडी ठेवणारी छोटी नळी, म्हणजे स्टेंट, बसतो.

काम एका बैठकीत संपत नाही. प्लास्टिकचे स्टेंट साधारण तीन महिन्यांनी बदलतात, त्यांची संख्या वाढवत नेतात, आणि हे वर्षभर चालते. आवरण असलेला धातूचा स्टेंट जास्त टिकतो, फेऱ्याही वाचतात. पण तोही वेळेवर काढावाच लागतो. राहून गेलेला स्टेंट तुंबतो आणि जंतुसंसर्ग थेट नव्या यकृतापर्यंत पोचतो.

धोके आहेतच. काहींच्या स्वादुपिंडाला सूज येते. नलिका थेट आतड्याच्या वळणाला जोडलेली असेल, तर नेहमीची दुर्बीण बहुधा तिथवर पोचत नाही. मग त्वचेतून यकृतात नळी घालावी लागते.

म्हणूनच गडचिरोली-गोंदियाच्या रुग्णाला उपचार नागपुरात मिळणे मोलाचे: दर तीन महिन्यांनी दिल्ली गाठणे किती जणांना झेपेल? प्रत्यारोपण झालेल्याने डोळे पिवळे दिसताच ‘कावीळ उतरवायला’ गावात थांबू नये. त्याच दिवशी आपल्या प्रत्यारोपण केंद्राला फोन करावा, आणि स्टेंट कधी घातला, कधी काढायचा याची नोंद घरातल्या दोघांकडे तरी असावी.

(पुढील आठवड्यात : आयुष्यभराची औषधे आणि संसर्गाचा धोका)