परदेशातील शिस्त आणि घरचा महामार्ग

गेल्या दिवाळीच्या सुटीत आमचा एक जुना विद्यार्थी जर्मनीहून चौसाळ्यास आला होता. तेथे चार वर्षे मोटार चालवून एकदाही दंड भरावा लागला नाही, असे त्याने अभिमानाने सांगितले. दुसऱ्याच दिवशी तो सोलापूर-धुळे महामार्गावर उलट दिशेने दुचाकी हाकताना दिसला. कारण विचारता म्हणाला, "सर, दुभाजकातली वाट लांब पडते. आणि इथं कोण विचारतं?" हे उत्तर त्या एका तरुणाचे नव्हे, आपल्या सर्वांचेच आहे, म्हणून त्याची चिकित्सा करणे इष्ट वाटते.

मराठवाड्यातील मध्यमवर्गीय कुटुंबेही आता मुलांना भेटावयास किंवा सहलीनिमित्त परदेशी जाऊ लागली आहेत. तेथे भाड्याची मोटार स्वतः चालवू इच्छिणाऱ्यांनी काही गोष्टी आधीच जाणून घ्याव्यात. १९४९ च्या जिनीव्हा करारानुसार आपल्याकडील परिवहन कार्यालय आंतरराष्ट्रीय वाहन परवाना देते. त्याची मुदत एक वर्ष असते आणि मूळ भारतीय परवाना जवळ नसेल तर त्याला अर्थ उरत नाही. चीनमध्ये तो चालत नाही. ब्रिटनमध्ये मात्र पाहुण्यास भारतीय परवान्यावरच बारा महिन्यांपर्यंत मोटार चालवता येते. अमेरिकेत नियम राज्यागणिक बदलतात. तथापि शाळेची बस लाल दिवे लावून थांबली, की दुभाजक नसलेल्या रस्त्यावर समोरून येणाऱ्यांनीही थांबावे, हा दंडक बहुतेक सर्वत्र आहे. जर्मनीच्या महामार्गावर वाहतूक खोळंबताच वाहनांनी दोन्ही बाजूंना सरून मध्ये रुग्णवाहिकेसाठी वाट मोकळी ठेवावयाची असते. नेपाळला स्वतःची गाडी नेणाऱ्याने सीमेवर 'भन्सार' भरावा आणि विम्याची हद्द वाढवून घ्यावी, कारण सामान्य विमापत्र भारताबाहेर संरक्षण देत नाही.

आपला माणूस हे सारे तेथे बिनतक्रार पाळतो. मग तो येथे का बदलतो? केवळ दंडाच्या भयाने, असे म्हणावे तर त्यास आधार आहे. न्यूयॉर्कमधील राष्ट्रसंघाच्या परदेशी प्रतिनिधींना पूर्वी गाडी चुकीच्या जागी उभी केल्याचा दंड प्रत्यक्षात भरावाच लागत नसे. रेमंड फिसमन व एडवर्ड मिगेल या अर्थशास्त्रज्ञांनी २००७ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात या थकीत दंडांचा हिशेब मांडला. २००२ च्या अखेरीस नगर प्रशासनाला कारवाईचा अधिकार मिळाला आणि हे गुन्हे सुमारे ९८ टक्क्यांनी घटले.

परंतु त्याच अभ्यासाची दुसरी बाजू अधिक मननीय आहे. दंडाचे भय नव्हते त्या काळातही स्वीडन व नॉर्वेच्या प्रतिनिधींच्या नावावर थकबाकी जवळजवळ नव्हती. त्यांनी घरची सवय बरोबर नेली होती. आमच्या विद्यार्थ्याने मात्र परदेशात अंगी बाणलेली सवय विमानतळावरच सोडून दिली.

वाहतुकीचा नियम हा मुळात परस्परांना दिलेला शब्द असतो. डावीकडून चालावे की उजवीकडून, यात श्रेष्ठ-कनिष्ठ काही नाही. स्वीडनने ३ सप्टेंबर १९६७ रोजी एका दिवसात बाजू बदलली. सर्वांनी एकदम बदलली म्हणूनच ते साधले. एकट्याने बाजू बदलली तर ती आत्महत्या ठरते, किंवा दुसऱ्याची हत्या. उलट येणाऱ्याची दहा मिनिटे वाचतात. त्याची किंमत समोरून येणारा अनोळखी माणूस मोजतो. २०२२ साली भारतात १,६८,४९१ माणसे रस्त्यांवर मृत्युमुखी पडली. हंगामात आमच्या जिल्ह्यातील ऊसतोड कुटुंबे ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत बसून रात्री याच रस्त्यांवरून जातात, हे आठवले म्हणजे तो आकडा कोरडा राहत नाही.

दोष एकट्या चालकाचा नाही. वळणाची वाट दूर असेल, तर उलट जाण्याचा मोह रस्ताच निर्माण करतो. गावाला सोयीची अशी सुरक्षित वाट देणे हे रस्ता बांधणाऱ्यांचे कर्तव्य आहे आणि ती मागणे आपले. मात्र ती मिळेपर्यंत लांबच्या वळणाने जाण्यावाचून गत्यंतर नाही. त्या विद्यार्थ्याला मी एवढेच विचारले, "समोरून तुझे वडील येत असते तर?" तो काही बोलला नाही. परंतु जाताना त्याने गाडी लांबच्या वळणाकडे घेतली.